वेल तुझ्याकडे

रविवारी सकाळी वेलीचं सातवं पान पिवळं पडलं, आणि हे माझ्या बहिणीचंच काम आहे अशी माझी खात्री पटली.

माझी खात्री फार लवकर पटते, असं धाकटी म्हणते. म्हणजे, म्हणायची. त्या रविवारी आमच्या अबोल्याला नऊ आठवडे झाले होते. राहतो आम्ही एकाच घरात. खाली मी आणि बाबा, वर ती आणि तिचा नवरा. जिना एक, दार एक, टपालाची पेटी एक, आणि तरी नऊ आठवडे आम्ही एकमेकींशी अवाक्षर न बोलता काढले. अशा गोष्टीला शिस्त लागते. ती आमच्या घरात भरपूर आहे.

भांडण बाबांवरून झालं. थंडीच्या सुरुवातीला ते घसरून पडले आणि खुबा मोडला. ऑपरेशन ठरलं, आणि पुढे काय असा प्रश्न आला. मी म्हटलं, अडीच-तीन महिने त्यांना व्यायाम करून घेणाऱ्या केंद्रात ठेवू. तिथली माणसं शिकलेली आहेत, न्हाणीघरात धरायला दांडे आहेत. धाकटी म्हणाली, "तुला ते घरात नकोच आहेत." हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, दहा माणसांदेखत. मग मीही म्हटलं, लाडकं व्हायचं तेवढं तुला जमतं, करायचं सगळं माझ्या वाट्याला. शब्दाने शब्द वाढला. पस्तीस वर्षं मी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काढली, मोजूनमापून बोलायची मला सवय. पण त्या दिवशी तिच्या मूल नसण्याबद्दल मी जे बोलले ते मला आजही लिहवत नाही.

तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. गरीब माणूस. दोन बहिणींच्या मध्ये वर-खाली निरोप पोचवून बिचाऱ्याचा लंबक झाला होता. काचघरात आमची गाठ पडू नये म्हणून त्यानेच वेळापत्रक आखून दिलं: बारापर्यंत ताई, बारानंतर धाकटी. मी सकाळी माझी रोपं बघायची, हीटर तपासायची आणि बाराच्या ठोक्याला बाहेर पडायची. दुपारी ती शिवणकाम बाजूला ठेवून तिच्या कुंड्यांकडे यायची. वेल मात्र माझ्याकडे होती.

हे नीट सांगते, कारण पुढचं सगळं यावरूनच घडलं.

काचघर स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लागून आहे. बाबांनी जुन्या खिडक्यांच्या काचा जमवून बांधलेलं. त्याच्या दूरच्या टोकाला, अर्ध्या कापलेल्या पिंपात ती वेल अकरा वर्षं वाढली. बाबा तिला तिच्या लांबलचक शास्त्रीय नावाने हाक मारत, आम्ही नुसतं वेल म्हणत असू. जाड, चकचकीत, गडद हिरवी पानं आणि मेणाची वाटावीत अशी पांढरी फुलं, झुपक्याने. फुलली की स्वयंपाकघरात भाजीच्या फोडणीचाही वास येत नसे. पण भारी नाजूक. गारवा लागला, पान गळलं. जागा हलवली, कळी गळली. सगळ्या गावात ती आमच्याकडेच होती. कारण इतके लाड करायला दुसऱ्या कोणाला वेळ नव्हता.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी माझं मनगट धरलं आणि मला वाकायला लावलं. म्हणाले, "वेल तुझ्याकडे. दर चौथ्या दिवशी एक झारी, पाणी कोमट. खडी हलवू नकोस, मुळं वरच असतात. आणि धाकटीला बोलू नकोस. तिला वाईट वाटेल."

तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते. आणि वर्गात पहिली आल्यासारखा आनंद मला झाला. वडील उद्या टेबलावर जाणार आणि मी मनातल्या मनात उड्या मारत घरी आले, हे कबूल करायला लाज वाटते. पण झालं ते असं झालं.

तर त्या रविवारी सातवं पान. बाबा घरी यायला तेरा दिवस उरले होते. शनिवार, दुपारी बारा, केंद्राची गाडी आणून सोडणार. केंद्रात त्यांचा व्यायाम घेणारी एक मुलगी होती, फार गोड, पण भलतीच खरं बोलणारी. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुमचे वडील दुसऱ्या कशासाठी उठत नाहीत हो. त्यांच्या काचघराच्या दारापासून कुठल्याशा वेलीपर्यंत बावीस पावलं आहेत म्हणे. आम्ही रोज तेवढीच मोजतो. मागे सर्दीमुळे तीन दिवस उठले नाहीत, तेव्हा वाटलं, आता हे पलंग सोडत नाहीत. या वयात एकदा सोडलं की सुटतं." मंगळवारी मी भेटायला जायची, गुरुवारी धाकटी. बाबा पहिलं एकच विचारायचे: "कळ्या?"

कळ्या होत्या. छपराजवळ वरच्या तारेवर एक झुपका धरला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. आणि खाली पानं एकेक करून पिवळी होत होती, शेंडे दुपारी माना टाकत होते. म्हणजे वेल कळ्या धरून मरायला लागली होती.

मी तपासणीला लागले. भिंग घेऊन पानाची प्रत्येक बाजू पाहिली, कीड नाही. कमीत कमी तापमान दाखवणारा काटा पाहिला. जिथे हवा तिथे. हीटर ठीक. प्रयोगशाळेत कधीकधी असं व्हायचं, सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंट मात्र जातोय. तेव्हा आमचे मोठे डॉक्टर म्हणायचे, नमुना कोणी हाताळला ते बघा.

हाताळायला होतं कोण? बारानंतर तिथे एकच माणूस जात होतं.

सोमवारी मी वरच्या झडपेच्या मुठीला पांढरा दोरा बांधला. दुपारी ती झडप उघडून गार वारा आत घेत असेल तर दोरा तुटायला हवा. मंगळवारी सकाळी दोरा जसाच्या तसा. मग मला वाटलं, दार उघडं टाकत असेल. दाराच्या फटीत कागदाची घडी ठेवली. तीही जिथल्या तिथे. याने माझा संशय कमी व्हायला हवा होता, पण तो वाढला. माणूस इतक्या सफाईने करतंय म्हणजे नक्कीच करतंय, असं मला वाटलं. रागाला तर्क लागत नाही, नुसतं जळण लागतं.

पानं कोमेजताना दिसली की हात आपोआप झारीकडे जातो. मी चौथ्या दिवसाचा तिसरा केला. मग दुसरा.

बुधवारी घड्याळजी खाली आला. चपला दाराबाहेर, मान खाली, हात एकमेकांत गुंतवलेले. म्हणजे निरोप वाईट.

"ताई, ती विचारतेय..."

"काय विचारतेय?"

"म्हणजे तुम्ही रागावू नका. ती विचारतेय, सकाळी तुम्ही काचघराचं दार उघडं टाकता का? वेल खराब होतेय म्हणे."

मला हसू आलं, वाईट हसू. "चोराच्या उलट्या बोंबा! भाऊजी, तिला सांगा, वेल का खराब होतेय ते तिला चांगलं माहीत आहे. कुठेतरी पाणी मुरतंय आणि मी ते शोधून काढणार आहे, असंही सांगा."

"एवढं सगळं सांगू?"

"शब्दन् शब्द."

तो जिना चढून गेला. वर शिवणयंत्र एकदम थांबलं आणि मग फार जोरात सुरू झालं.

बाविसावं पान गुरुवारी गळलं. वेलीचा मधला भाग नागडा दिसू लागला. आता मला झोप लागेना. बाबा शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी त्या दारात उभे राहणार, वॉकर धरून, बावीस पावलं मोजायला. आणि बावीस पावलांच्या शेवटी काय? वाळक्या दोऱ्या. मी रागाने आणि भीतीने इतकी भरले होते की भाजी चिरताना बोट कापून घेतलं. त्या कापलेल्या बोटासाठीही मी धाकटीलाच चार शब्द ऐकवले. मनातल्या मनात, अर्थात. अबोला म्हणजे अबोला.

शुक्रवारी सकाळी मी वेलीला पाणी घातलं, बारा वाजता स्वयंपाकघराचं दार मोठ्याने लावलं, आणि मागच्या बाजूने पुन्हा काचघरात शिरले. कुंड्या भरायच्या टेबलामागे खताची पोती रचलेली असतात. त्यांच्या आड बादली पालथी घालून बसले. या वयात माणसाने असं बसू नये. गुडघे बोलायला लागतात. पण आज तिला रंगेहाथ पकडायचीच, असं ठरवलं होतं. काय ओतते, मीठ की व्हिनेगर, ते डोळ्यांनी बघायचं आणि मग आयुष्यात पुन्हा तोंड बघायचं नाही.

दोन वाजता ती आली. बारीक झाली होती. नऊ आठवड्यांत मी तिला जिन्यावर पाठमोरी तेवढी पाहिली होती. तिने आपल्या कुंड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट वेलीपाशी गेली, एक पिवळं पान उचललं आणि म्हणाली, "काय झालंय गं तुला? काय कमी पडतंय?"

लहानपणी मला ताप आला की ती अशीच विचारायची.

मग तिने कोपऱ्यातली झारी घेतली. नळाचं पाणी आणि थर्मासमधलं गरम पाणी एकत्र केलं, बोट बुडवून पाहिलं, आणि पूर्ण झारी, शेवटच्या थेंबापर्यंत, वेलीच्या बुडाशी ओतली.

"थांब!" मी ओरडले.

तिने झारी टाकली. जस्ताची झारी, फरशीवर पडून केवढा आवाज झाला. मी पोत्यांमागून उठायला गेले तर एक पाय मुंग्यांनी मेलेला, म्हणून पोत्याला धरून अर्धवट उभी राहिले.

"तू लपून बसली होतीस?" ती म्हणाली. "माझ्यावर पाळत ठेवतेस?"

"तू काय ओतलंस त्यात?"

"पाणी! दुसरं काय ओतणार? अॅसिड?"

"पाणी मी घालते. सकाळीच घातलंय मी."

"तू?" तिचा चेहरा बदलला. "तू कशाला घालतेस? वेल माझ्याकडे आहे."

"तुझ्याकडे? कोणी सांगितलं?"

"बाबांनी."

"खोटं. वेल बाबांनी माझ्याकडे दिलीय. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी. दर चौथ्या दिवशी एक झारी..."

"पाणी कोमट," ती म्हणाली.

"खडी हलवू नकोस..."

"मुळं वरच असतात." आता ती कुजबुजत होती. "ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं मला. ताईला बोलू नकोस म्हणाले. तिला वाईट वाटेल."

आम्ही दोघींनीही पिंपाकडे पाहिलं. खडी वरून कोरडी ठणठणीत. बाबांनी चार बोटं जाडीचा थर दिलेला. वर कितीही ओता, पाच मिनिटांत पांढरी पडते. मी ती कधी हलवली नाही, कारण हलवू नकोस असं सांगितलं होतं. तिनेही हलवली नाही, त्याच कारणाने. इतक्या आज्ञाधारक मुली कुठल्या बापाला मिळतात?

"तू चौथ्या दिवशीच घालतेस ना?" मी विचारलं.

"आधी. मग कोमेजायला लागली म्हणून एक दिवसाआड." ती थांबली. "तू?"

मी गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी खडी बाजूला केली. खाली माती नव्हती, चिखल होता. काळा, थंड, आणि नासक्या अंड्याचा वास. आम्ही दोघींनी मिळून पिंप आडवं केलं. बुडाचं बुजलेलं भोक मोकळं झालं आणि पाणी आलं, येतच राहिलं. एक मूळ मी चिमटीत धरलं तर त्याची साल मोज्यासारखी सुटून माझ्या हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला.

मला वाटलं होतं, ती गुन्हेगार निघाली की मला बरं वाटेल. आता गुन्हेगार सापडले होते, दोन.

"तू विचारायचंस," ती म्हणाली. "एकदा विचारायचंस ना. वर येऊन. 'वेलीला पाणी घालतेस का?' एवढंच."

"तू विचारलंस? तू नवऱ्याला पाठवलंस, मी दार उघडं टाकते का म्हणून!"

"कारण तू मला वांझ म्हणालीस!"

काचघरात आवाज घुमतो. तो शब्द सगळ्या काचांना लागून परत आला. इतक्यात घड्याळजी दारात येऊन उभा राहिला, झारीचा आवाज ऐकून धावला असणार. त्याने आडवं पिंप पाहिलं, चिखल पाहिला, आम्हाला एकमेकींशी बोलताना पाहिलं, आणि दार लावून निघून गेला. शहाणा माणूस.

"म्हणाले," मी म्हटलं. "ते मी म्हणायला नको होतं. त्या दिवसापासून रोज रात्री मला ते आठवतं. सांगायला वर यायचं धाडस नव्हतं."

तिने डोळे पुसले, मनगटाने, कारण हात चिखलाचे होते. माफ केलं असं म्हणाली नाही. म्हणाली, "आता हिचं काय करायचं ते सांग. आठ दिवस आहेत."

त्यावरून पुन्हा जुंपली. मी म्हटलं, सडलेली मुळं कापू, कोरड्या वाळूत लावू, धीर धरू. ती म्हणाली, बुडात जीवच उरला नाही, वरचा जिवंत भाग कापून काड्या लावू. मी म्हटलं, भर थंडीत काड्या धरत नाहीत, एकही धरली नाही तर वेलही गेली आणि काड्याही. ती म्हणाली, थांबलो तर उद्या काडी लावायच्या लायकीचंही काही उरणार नाही. तिने नखाने खोड खरवडलं. बुडाशी तपकिरी. वीतभर वर तपकिरी. कमरेएवढ्या उंचीवर हिरवं. मी तिथेच दोरा बांधला आणि दोघी बसून राहिलो. दीड तासाने त्याच्या वर दोन बोटं पुन्हा खरवडलं. तपकिरी.

"काप," मी म्हटलं.

ती शिडीवर चढली, मी खालून वेल दोन्ही हातांनी तोलून धरली. अकरा वर्षांची वेल तारांना इतकी गुंडाळलेली की ती एक वेढा सोडवी आणि मी तेवढाच भार खांद्यावर घेई. एकटीला हे जमलं नसतं, तिलाही नाही, मलाही नाही. कात्री लागेल तिथून पांढरा चीक गळत होता, माझ्या केसांत, बाहीवर. बाबा शिकवायचे, चीक थांबेपर्यंत काडी कोमट पाण्यात धरायची, नाहीतर ती स्वतःच्याच चिकाने बंद होते. मी बादलीत धरत गेले. चांगल्या निघाल्या चौदा. दोन-दोन पानं ठेवली, पेराखाली काप, ओलसर वाळू, वरून पिशवी, खालून ऊब.

चौदाव्या काडीवर तो कळ्यांचा झुपका होता.

काडी लावायची तर कळी ठेवता येत नाही. मुळं फुटायची ताकद ती खाऊन टाकते. हे दोघींनाही ठाऊक होतं. काडी तिच्या हातात होती. तिने ती माझ्यापुढे केली. मी नको म्हणून मान हलवली. मग तिनेच डोळे मिटून नखाने झुपका खुडला, आणि तो टाकायचा कुठे ते न समजून मुठीतच धरून ठेवला.

मंगळवारी मी केंद्रात गेले. "कळ्या?" बाबांनी विचारलं.

"आहेत," मी म्हटलं.

"किती मोठ्या?"

"हरभऱ्याएवढ्या झाल्या." खोटं बोलताना मी त्या वाढवल्याही. व्यायाम घेणारी मुलगी हसून म्हणाली, आज आजोबा न थांबता बावीस पावलं चालले. गुरुवारी धाकटीलाही तेच विचारलं, तिनेही तेच सांगितलं. फक्त आदल्या रात्री आम्ही जिन्यावर बसून आकार ठरवून घेतला होता. नऊ आठवड्यांनी बोलायला लागलो ते खोटं जुळवण्यासाठी.

शुक्रवारपर्यंत पाच काड्या काळ्या पडल्या. नऊ हिरव्या होत्या. हिरव्या म्हणजे जगल्या असं नव्हे. ओढून बघायचा मोह होतो, पण ओढली की गेली. त्या आठ दिवसांत आम्ही त्यांना पाणी म्हणून घातलं नाही, एकमेकींना विचारल्याशिवाय पिशवीला हात लावला नाही. "मी सांगते बाबांना," धाकटी म्हणाली. "मी मोठी, मी सांगते," मी म्हटलं. खरं तर मला सांगायचं नव्हतंच. मला विचारायचं होतं, दोघींना वेगवेगळं सांगून काय मिळवलंत? वाक्य पाठ करून ठेवलं होतं.

शनिवारी बारा वाजता गाडी आली. बाबांनी चहा नको म्हटलं, कोट काढू दिला नाही. वॉकर धरून स्वयंपाकघरातून थेट काचघराच्या दारात. आम्ही दोघी दोन बाजूंना, घड्याळजी मागे. मी तोंड उघडलं आणि माझं पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. ते खाली बघून, ओठांनी मोजत चालत होते. पंधरा. सोळा. मला वाटलं, कोणीतरी यांना थांबवा. बाविसाव्या पावलाला ते थांबले आणि मान वर केली.

तारा रिकाम्या होत्या. पिंप धुऊन पालथं घातलेलं.

ते वॉकरला धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी पिंपाच्या बुडाचं भोक पाहिलं, भिंतीशी धुऊन वाळत घातलेली खडी पाहिली.

"पाणी जास्त झालं," ते म्हणाले. प्रश्न नव्हताच.

"हो," मी म्हटलं. "बाबा, नऊ काड्या लावल्यात. बघा."

ते वॉकरवर ओणवले. "खुर्ची आणते," असं म्हणून धाकटी धावली, घड्याळजी तिच्यामागे. आम्ही दोघेच उरलो. बाबा काड्यांच्या टेबलापर्यंत सरकले, तीन पावलं, न मोजता. पिशव्यांमधून एकेक काडी न्याहाळली. आणि मग त्यांनी माझं मनगट धरलं, मला वाकायला लावलं.

"चांगल्या लावल्यास," ते कुजबुजले. "या आता तुझ्याकडे. तूच बघ. आणि धाकटीला बोलू नकोस, तिला..."

"धाकटे!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की बाबा दचकले. "धाकटे, आधी इकडे ये! बाबा काय म्हणतायत ते ऐक!"

ती खुर्ची उचलून तशीच पळत आली.

"बोला," मी बाबांना म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला तो आवरायचाही नव्हता. "आता दोघींसमोर बोला. काड्या कोणाकडे? वेल कोणाकडे होती? मला सांगितलंत माझ्याकडे, तिला सांगितलंत तिच्याकडे. आम्ही दोघींनी घातलं पाणी, बाबा. रोजच्या रोज. आम्ही दोघींनी मिळून मारली ती. मी हिच्यावर नाही नाही ते संशय घेतले. का केलंत असं? दोघींना खूश ठेवायला?"

बाबांनी माझं मनगट सोडलं. ते एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा झाला होता. मला वाटलं, आता ते काहीतरी सारवासारव करणार.

"खूश ठेवायला नाही," ते म्हणाले. "एकीवर सोडायची माझी छाती नव्हती. तू तुझ्या व्यापात, ती तिच्या. म्हातारा पडलाय तिकडे, त्याची वेल कोणाच्या लक्षात राहते? म्हटलं, दोघींना सांगून ठेवू. एक विसरेल, दुसरी घालेल. थंडीत निम्मं पाणी मिळालं तरी ती जगते." ते थांबले, श्वास घेतला. "दोघींपैकी एकही विसरणार नाही, हे माझ्या मनातच आलं नाही गं."

मला त्यांचा राग यायला हवा होता. तोंडावर सांगितलं होतं त्यांनी, तुमच्यावर माझा भरवसा नव्हता म्हणून. पण मी तरी दुसरं काय केलं होतं? नऊ आठवडे मी हेच धरून चालले होते, की बाबांची आठवण असलेली घरात मी एकटी.

धाकटीने खुर्ची त्यांच्यामागे टेकवली. "बसा, बाबा," ती म्हणाली. बाबा बसले, दोन्ही हातांनी आम्हा दोघींचे हात धरले आणि लहान मुलासारखे मोठ्याने रडायला लागले.